अर्धा शिकवलेला धडा

भोजू,

काल तुझी तेरवी झाली. पाव्हणे गेले, पंगतीची भांडी ज्याची त्याच्या घरी पोचली, आणि आज घरात माय आणि मी दोघीच आहोत. ती आत निजली आहे. मी तुझ्या खाटेवर बसले आहे. तुझ्या खाटेच्या दोऱ्या पार ढिल्या झाल्यात हे मला आज कळलं. मी आले की तू मला आतली चांगली खाट द्यायचास आणि स्वतः या झोळात झोपायचास. कधी बोलला नाहीस.

लिहायला बसले खरी, पण तू काय म्हणाला असतास ते ऐकू येतंय. "बाई, पुस्तकावानी काऊन बोलून राह्यली? भाऊ आहो मी तुह्या, अकरावीचा वर्ग नाई." वीस वर्षं अहेरीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवून माझी जीभ अशी झाली आहे. तुझ्याशी बोलताना मात्र ती दोन वाक्यांत घरच्यासारखी व्हायची. मोठ्या बहिणीला आपल्याकडे सगळेच बाई म्हणतात, पण तुझ्या तोंडून ते ऐकलं की मी माझं वयच विसरून जायची. आता मला बाई म्हणणारं घरात कोणी उरलं नाही.

लोकांना काय सांगायचं ते सांगून झालं. शालूचा धाकटा भाऊ भोजराज, जाळं ओढता ओढता तळ्यात गेला, लहानपणापासून मिरगी होती. ऐकणारा मान हलवतो, "नशिबातच होतं" म्हणतो, चहा पिऊन उठतो. मीही मान हलवत राहिले. पण नशिबाच्या अलीकडे एक गोष्ट आहे, आणि तेरा दिवस मी ती कोणाला सांगितली नाही. तुला माहीत आहे ती. तरी तुलाच सांगते.

त्याआधी आपलं जुनं भांडण. तेही अर्धंच राहिलं आहे.

तुला पहिल्यांदा मिरगी आली तेव्हा तू सात वर्षांचा होतास, मी पंधराची. अंगणातच पडलास. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी पायातली चप्पल काढून. मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि रडत होते. तू भानावर आलास, इकडे तिकडे पाहिलंस आणि विचारलंस, "बाई, तू भेली काय?" नंतरही दर वेळी पहिला प्रश्न तोच. स्वतःचा ओठ चावून रक्त निघालेलं असायचं आणि तुला काळजी मी घाबरले की काय याची. मी जीवशास्त्र घेतलं ते तुझ्या त्या प्रश्नामुळे. कोणी विचारलं तर मी म्हणते आवड होती. आवड कसली डोंबलाची. मला तुझ्या डोक्यात काय होतं ते बघायचं होतं.

पंधराव्या वर्षी डॉक्टरांनी तुला सांगितलं, पाण्यात उतरायचं नाही, आगीपाशी जायचं नाही, झाडावर चढायचं नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच तू मला म्हणालास, "धिवराच्या पोट्ट्याले पाण्यात नाई, आगीपाशी नाई, मोहाच्या झाडावर नाई. मंग बाई, मी उभा कुठी राहू?" मी म्हटलं, काठावर राहा, मासे निवड, टोपल्या भर. "म्हातारीचे कामं सांगून राह्यली मले." पुढं कितीतरी वर्षं हेच. सुट्टीत मी यायची आणि तुला पाण्याबाहेर काढायची. माझी बस वळणाआड गेली की तू परत पाण्यात. मी रागवायची, तू हसायचास, माय मधे भात वाढायची.

तीन वर्षांपूर्वी तह झाला. गोळी सकाळ-संध्याकाळ चुकवायची नाही आणि एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही. मी म्हटलं, एवढं पाळलंस तर सोडते. तू म्हणालास, "सोडते म्हंजे? तू का तळ्याची मालकीण हाय?" मी तेवढ्यावर सोडायला नको होतं, भोजू. की सोडलं तेच बरं केलं? छातीभर पाण्यात दोरी खांद्यावर घेऊन उभा असताना तुझा चेहरा जसा असायचा, तसा काठावर मी कधी पाहिला नाही. रोज एकदा वाटतं तुला खांबाला बांधून ठेवायला हवं होतं. रोज एकदा वाटतं तसं केलं असतं तर तू पंचविशीतच म्हातारा झाला असतास. हे भांडण मला आता तुझ्या बाजूनंही भांडावं लागतं.

तहात एक अडचण होती. वैशाखात तळं खाली जातं, मच्छीमार सोसायटीचं मोठं जाळं पडतं, त्या दिवसांत आपल्या गावचा नेम असा की पाण्यात उतरणारा माणूस पहिला मासा हाती लागून तो परत तळ्यात सोडेपर्यंत तोंडात काही घालत नाही. चहा नाही, पाण्याचा घोट नाही. बाबा तसंच करायचे, आबा तसंच. मी म्हटलं, गोळी म्हणजे काही जेवण नाही. तू म्हणालास, "तोंडातूनच जाते ना? मंग झालं." शेवटी तोड निघाली: जाळ्याच्या दिवसांत गोळीचं पाकीट शर्टाच्या खिशात, शर्ट काठावर, आणि पहिला मासा सोडला की तिथंच सकाळची गोळी. दोन वैशाख तू हे बिनचूक केलंस. आणि ती दोन वर्षं तुला एकदाही मिरगी आली नाही. मी अहेरीत लोकांना सांगत सुटले होते, माझा भाऊ बरा झाला म्हणून.

विचारायची खोड तुला आणि शिकवायची हौस मला. "बाई, हे येते कुठून? माय म्हणते बाहेरचं हाय, तू म्हणते मेंदूतलं हाय. तू पाह्यलं काय मेंदूत?" एकदा असाच मागे लागलास तेव्हा मी काठावर तुम्हा सात-आठ जणांना, जाळं वाळत घालून बसलेल्यांना, एका ओळीत बसवलं. हातात हात. म्हटलं, तुम्ही प्रत्येक जण मेंदूतली एक एक पेशी. डावा हात जोरात दाबला गेला की उजव्या हातानं शेजाऱ्याचा दाबायचा. हळू दाबला तर गप्प राहायचं. पेशी अर्धवट पेटत नाही, पेटली तर पूर्ण पेटते, नाही तर नाहीच. आणि एकदा दाबलं की जरा दम घ्यायचा, लगेच पुन्हा नाही. शेवटच्यानं "मासा" म्हणून ओरडायचं. दोन-तीनदा छान झालं. मग तुझ्या डोक्यात किडा वळवळला. तू शेवटच्या माणसाचा हात पहिल्याच्या हातात देऊन टाकलास. ओळीचा गोल झाला. आता एकदा दाबलेला हात फिरतच राहिला, थांबायला तयार नाही, आणि ती मिशीवाली माणसं हसून हसून आडवी व्हायला लागली.

"आता हे थांबवाचं कसं, मॅडम?" तू विचारलंस.

मी म्हटलं, त्यासाठी मेंदूत वेगळ्या पेशी असतात. दुसऱ्याला गप्प करणं हेच त्यांचं काम. एखादी पेशी फार पेटायला लागली की तीच जाता जाता या पेशीलाही हाक देते, आणि ही मागे वळून तिलाच दाबते, बस कर म्हणते. ज्याला हाक दिली तोच येऊन तोंड बंद करतो, म्हणून सगळं ताळ्यावर राहतं.

तू हसायचा थांबलास. "म्हंजे जाळं ओढताना काठावरून 'ढिल द्या' म्हणते, तो." हो, तोच. बारा जण एकदम ओढत सुटले तर जाळं फाटतं, म्हणून एक जाणता माणूस काठावर उभा राहून ढिल द्यायला सांगतो. तू पाण्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "मंग माह्या डोक्यातला 'ढिल द्या'वाला मुका हाय काय?"

सगळे हसले. मीही हसले. पण मिरगी म्हणजे काय, पेशींचा अख्खा जमाव एकदम का पेटतो, हे इतकं नेमकं मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. आणि तू दहावी नापास. तेव्हापासून दर वर्षी हा पाठ आला की मी वर्गात तुझा प्रश्न सांगते, तुझं नाव न घेता. गोंडी बोलणाऱ्या माझ्या पोरी एरवी पुस्तकात मान घालून बसतात, त्या वर बघतात. एकीनं विचारलं होतं, "मॅडम, तो माणूस आता कसा आहे?" मी म्हटलं, एकदम मस्त.

आता ती गोष्ट.

मागच्या दिवाळीतली दुपार. तू अंगणात जाळ्याची भोकं सांधत होतास. मी बरंच काही नवीन वाचून आले होते आणि ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. गावात ऐकून घेणारा तू एकटा. मी सांगितलं, भोजू, पेशी नुसती शेजाऱ्याच्या हाकेवर चालत नाही. आपण साधारण किती पेटायचं याचं तिचं स्वतःचं माप असतं. फार दिवस फार हाका यायला लागल्या की ती कान थोडे झाकून घेते. हाका कमी झाल्या की कान उघडते. असं करत करत एक-दोन दिवसांत आपल्या मापावर परत येते. कोणी सांगावं लागत नाही.

"सांडव्यावानी," तू म्हणालास. "तळं भरलं का जास्तीचं पाणी आपलं आपण जाते." मग सुतळी दातात धरून विचार केलास. "पण पाणी कमी पडलं तं सांडवा काई आणत नाई."

"पेशी आणते," मी म्हटलं.

"मंग तळ्यापेक्षा हुशार हाय बाप्पा."

मला इतका आनंद झाला होता. असा विद्यार्थी मला वीस वर्षांत मिळाला नाही, असं मी तुला म्हटलंसुद्धा. तेवढ्यात मायनं जेवायला हाक मारली आणि मी उठले. धडा अर्धा झाला होता.

उरलेला अर्धा असा होता, भोजू. पेशी हे माप बसवते ना, ते गोळीला धरून बसवते. गोळी रोज तिला दबकावते, म्हणून ती कान जास्त उघडे ठेवायला शिकते. तुझी दोन वर्षं चांगली गेली ती पेशी सुधारली म्हणून नाही, तर गोळी आणि पेशी दोघी मिळून मापात राहिल्या म्हणून. गोळी एकदम काढून घेतली तर दबकावणारं कोणी राहत नाही आणि कान तसेच उघडे. मग ती पहिल्यापेक्षा जोरात पेटते आणि शेजारणींना घेऊन पेटते. म्हणून मिरगीची गोळी आपल्या मनानं कधी एकदम सोडायची नाही. हे मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर दोन पानं लिहिली असती.

तुझा फोन आला तेव्हा माझ्यापुढं अकरावीच्या पेपरांचा गठ्ठा होता. दुपारची वेळ, पंखा बंद, घामानं लाल शाई पसरत होती. तू खुशीत होतास.

"बाई, पेशी आपलं आपण सांभाळते म्हणे ना?"

"हं."

"दोन वर्षं झाले, एकदाई नाई आली. म्हंजे तिचं माप बसलं आता."

"हो रे."

"मंग या जाळ्यात गोळी ठेवूनच देतो. काठावर घेतली का सुस्ती येते, दोरीवर हात ढिले पडते. जाळं झालं का पुन्हा चालू करतो. चालते ना?"

"हो, बरोबर आहे. फोन ठेव आता, गठ्ठा संपवायचा आहे मला."

फोनमध्ये अजून दिसतं, चार मिनिटं. बाकीच्या वेळात तू मायच्या गुडघ्यांचं काही सांगत होतास, तेही मी असंच हं हं करत ऐकलं. तुझा आवाज कानावर पडत होता आणि हात पेपरवर गुण देत होता. तेव्हा न ऐकलेलं आता शब्दन् शब्द आठवतं. तू मला विचारलं होतंस. डॉक्टरला नाही, मला. शहाणा माणूस अनोळखी पाण्यात उतरायच्या आधी खोली विचारतो तसं विचारलंस, आणि मी हो म्हटलं.

जाळ्याच्या पाचव्या दिवशी दुसरा फोन आला, गावातून. अहेरीहून निघाले, मूल गावाला गाडी बदलली, सिंदेवाहीला उतरेपर्यंत मी स्वतःला सांगत होते की नुसता पडला असेल, भानावर येईल आणि मला विचारेल.

तुझ्या माणसांनी जे सांगितलं ते असं. जाळं तळातल्या खुटाला, बुडालेल्या झाडाच्या बुंध्याला, अडकलं. अशा वेळी बुडी मारून ते सोडवायचं काम नेहमी तुझंच, तुझ्याइतका दम कोणाला नाही. त्यामुळे तू पाण्याखाली गेलास तेव्हा कोणी घाबरलं नाही. वरच्यांच्या हातातली दोरी हलत होती. भोजू खुटाशी झटून राह्यला असन, असं ते समजले आणि हलणाऱ्या दोरीमुळेच निर्धास्त राहिले. दोरी थांबली तेव्हा उतरले. ती माणसं अजून मला तोंड दाखवत नाहीत. दोरी कशानं हलत होती ते मला कळतं. त्यांना मी सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

आज सकाळी तुझे कपडे घडी करताना शर्टाच्या खिशात गोळ्यांचं पाकीट सापडलं. जाळं सुरू व्हायच्या दिवसापर्यंतच्या खाचा रिकाम्या. पुढच्या सगळ्या भरलेल्या, फक्त पार शेवटच्या टोकाची एक फोडलेली. मी ते हातात घेऊन चुलीपाशी मायजवळ गेले. ही एक कधी घेतली, म्हणून विचारलं.

माय म्हणाली, "ती म्या देल्ली."

मीठ संपलं हे सांगते ना, त्याच आवाजात तिनं सांगितलं. "पाचव्या दिशी सकाळी त्याचा हात उडून राह्यला होता. बटन लावता लावता दोनदा झटका बसला. म्या म्हटलं, घे बाप्पा, मायच्या जिवासाठी घे. नाई नाई म्हणत घेतली त्यानं. पहिला मासा निघाच्या आधी म्या त्याच्या तोंडात गोळी घातली, शालू. म्याच नेम मोडला. तळं कोपलं अन् लेकरू नेलं."

म्हणून ती तेरा दिवस तळ्याकडं पाठ करून बसते. म्हणून बायकांनी काही म्हटलं की मान खाली घालते. आणि मी समजत होते ती नुसती रडून थकली आहे. भोजू, हात उडणं ही येणाऱ्या मिरगीची खूण. अंगठा लावणाऱ्या आपल्या मायला ती कळली, तिनं नेम बाजूला ठेवला आणि जे करायला हवं होतं ते केलं. चार दिवसांच्या खाड्यानंतर एका गोळीच्या हातात काही नव्हतं. पण केलं तिनं.

मी आधी मॅडमसारखी बोलले. म्हटलं, माय, असं नसतं, गोळीनं कोणी मरत नाही.

"मंग कायनं मेला?" तिनं विचारलं.

इथं मी गप्प बसू शकले असते. तळ्याचा कोप, नशीब, मिरगी, तिन्ही नावं तयार होती. पण मग हे ओझं आयुष्यभर माय वाहणार होती, आणि ते तिचं नव्हतं. मी चुलीपाशी बसले आणि सगळं सांगितलं. दिवाळीची दुपार, पेशीचं माप, फोन. म्हटलं, माय, त्यानं मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं. तुझ्या गोळीनं नाही, माझ्या 'हो'नं गेला.

ती चिमट्यानं राख इकडची तिकडं करत राहिली. मला वाटलं, आता ही जे बोलेल ते मी मरेपर्यंत ऐकत राहीन. मग तिनं मला जवळ ओढलं आणि पदरानं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच.

"उगी राह्य वं," ती म्हणाली. "तू हो म्हटलं असतं का नाई म्हटलं असतं, तो कोणाचं ऐकत होता काय कधी?"

मला सोडवायला म्हणाली ती, भोजू. मी मान हलवली, कारण ते म्हणून तिलाही जरा हलकं वाटलं होतं. पण तू ऐकायचास. माझं सगळं ऐकायचास. त्या चार मिनिटांत ऐकलं नाही ते मी.